बी.ए. व्हायला काय काय लागे

मुंबई विद्यापीठाच्या पदवीला पहिल्यापासून एक गोष्ट लागत आली आहे: हा विद्यार्थी आमच्या कॉलेजात होता आणि वर्गाला हजर राहत होता, असा दाखला. सही प्राचार्यांची, पण दाखला लिहिणारा हात कारकुनाचा. माझी सगळी नोकरी मुंबईतल्या एका कॉलेजात परीक्षेच्या टेबलावर गेली, त्यामुळे असे दाखले मी पोत्यांनी लिहिले. प्राध्यापकांना वाटतं, पदवी शिकवण्यातून मिळते. पोरांना वाटतं, ती शेवटच्या पंधरा दिवसांच्या जागरणातून मिळते. आमच्या टेबलावरून बघाल तर ती नियमांतून मिळते, आणि नियम कोणी, केव्हा, कशासाठी केला हे सहसा कोणाला ठाऊक नसतं. मला या नियमांचा नाद लागला तो कामामुळेच. रजिस्टर भरता भरता मनात यायचं, की हा रकाना पहिल्यांदा कोणी आखला असेल?

सध्या 'ऑनर्स'चा बोलबाला आहे. नव्या धोरणाप्रमाणे तीन वर्षांत साधी पदवी, चार वर्षांत ऑनर्स. पालक विचारतात, हे नवीन काय काढलंय? खरं सांगायचं तर त्यात नवीन फार थोडं आहे. पदवीधर कोणाला म्हणायचं हे भांडण मुंबईत दीडशे वर्षं चाललंय. बाजू तीनच. एक म्हणते, वर्गात बसला तो पदवीधर. दुसरी म्हणते, सगळ्या विषयांत तरला तो. तिसरी म्हणते, एका विषयात खोल गेला तोच. मुंबईने दुसऱ्या बाजूला झुकतं माप दिलं, पहिलीला मान दिला आणि तिसरीला फार काळ दारात उभं ठेवलं, असं माझं मत आहे.

विद्यापीठाचा कायदा झाला १८ जुलै १८५७ रोजी. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्ता आणि सप्टेंबरात मद्रास. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला आणि इकडे सरकार विद्यापीठांचे कायदे करतंय, याचं मला अजून नवल वाटतं. नमुना घेतला होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठ शिकवणार नाही, फक्त परीक्षा घेणार. शिकवायचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. विद्यापीठाला स्वतःचे मास्तर नव्हते, इमारतही नव्हती. पदवीदानासाठी टाउन हॉल मागून घ्यावा लागे. कावसजी जहांगीर रेडीमनींच्या देणगीतून सभागृह उभं राहिलं ते १८७४ साली. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशांतला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. तोवर शेकडो पोरं पदव्या घेऊन कामालाही लागली होती.

इथे एक गंमत आहे. ज्या लंडनची नक्कल केली, त्याने १८५८ साली कॉलेजात बसण्याची अटच काढून टाकली. कुठेही शिका, घरी शिका, परीक्षेला या. मुंबईने मात्र ती अट घट्ट धरून ठेवली. वर्षाच्या दोन टर्म, आणि प्रत्येक टर्म 'भरली' असं प्राचार्यांनी लिहून दिल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. कारण उघड आहे. लंडनच्या आजूबाजूला शाळा, ग्रंथालयं, शिकलेली माणसं यांचा सुकाळ होता. इथे रत्नागिरीहून किंवा निफाडहून आलेल्या मुलाने बेकनचे निबंध वाचायचे तर कॉलेजबाहेर कुठे वाचणार? शिवाय सरकारला पदवीधर हवे होते ते नोकरीसाठी, आणि वेळेवर येऊन बसायची सवय ही नोकरीची पहिली पायरी. आमच्याकडे ७५ टक्के हजेरीचा नियम लागतो तो त्याच खानदानातला. दर वर्षी फेब्रुवारीत हजेरी कमी पडलेल्यांची यादी फलकावर लागली, की कार्यालयात डॉक्टरांच्या सर्टिफिकिटांचा पाऊस पडे. कावीळ झालेल्यांची संख्या त्या आठवड्यात एवढी वाढायची, की आरोग्य खात्याने दखल घ्यावी.

पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. शंभरावर मुलं बसली, पास झाली ती वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे १८६२ मध्ये मुंबईचे पहिले बी.ए. बाहेर पडले ते चार: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही पुढे प्रार्थना समाजात होते, हा योगायोग म्हणा किंवा मुंबई तेव्हा किती लहान होती याचा पुरावा म्हणा.

कलकत्त्याचा पहिला निकाल याच्याही आधीचा, १८५८ सालचा, आणि आमच्या टेबलाच्या दृष्टीने फार मोलाचा. बी.ए.च्या त्या परीक्षेत नियमाने एकही उमेदवार पास होत नव्हता. दोघे एकेका विषयात थोडक्या गुणांनी राहिले होते. विद्यापीठाने गुण वाढवून त्यांना वर काढलं आणि दोघेही दुसऱ्या वर्गात पदवीधर झाले. त्यांतला एक जदुनाथ बोस आणि दुसरा बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. म्हणजे या देशात ग्रेस मार्कांचं वय पदवीएवढंच आहे. ग्रेस मागायला आलेलं पोरगं मान खाली घालून उभं राहिलं की मी त्याला बंकिमचंद्रांची गोष्ट सांगत असे. ते 'आनंदमठ' लिहील अशी आशा कधी धरली नाही. पण त्याची मान वर यायची.

ग्रेसचं काम कसं चालतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आमच्या वेळी निकालाचं लेजर म्हणजे आडवे लांबलचक कागद, कापडी पुठ्ठ्यात बांधलेले. डावीकडे बैठक क्रमांक, मग आडनावापासून सुरू होणारं नाव, आईचं नाव, आणि पुढे एकेका पेपराचा चौकोन. पासाला ३५ लागत असताना एखाद्याला ३२ असले, तर आधी बाकीचे पेपर बघायचे, एकूण किती विषयांत किती गुण तुटतात ते मोजायचं, आणि ऑर्डिनन्स ५०४२ मध्ये बसत असेल तरच ३२ शेजारी खूण करून ३ लिहायचे. मूळचा आकडा खोडायचा नाही. ३२ तसाच दिसला पाहिजे आणि दिलेले ३ वेगळे दिसले पाहिजेत. एनएसएस, एनसीसी, खेळ यांचे दहा गुण ऑर्डिनन्स २२९ चे, त्यांची खूण निराळी. दोन माणसं समोरासमोर बसत. एक आकडे मोठ्याने वाची, दुसरा बोट ठेवून ताडी. चहा आला की वाचणारा थांबे आणि ताडणारा त्या ओळीवर फूटपट्टी ठेवून मगच कपाला हात लावी. फूटपट्टी सरकली तर एकाचे तीन गुण दुसऱ्याच्या नावावर जायचे. एटीकेटीवाले, म्हणजे दोनएक विषय राहिलेले पण पुढच्या वर्षाच्या टर्म भरायला मुभा मिळालेले, यांची यादी शेवटी. १८५७ च्या टर्मचा नियम मला सगळ्यात जास्त भेटला तो या यादीत.

आता ऑनर्सकडे येतो. पहिल्या काळात मुंबईला वेगळं ऑनर्स कॉलेज नव्हतं, वेगळी शाखा नव्हती. मान होता तो 'क्लास'ला. पहिला वर्ग मिळाला की माणसाच्या नावामागे तो जन्मभर चाले, लग्नाच्या बोलण्यातसुद्धा. पण त्या पहिल्या वर्गाला लागायचं काय? इंग्रजी, गणित, इतिहास, तर्कशास्त्र, विज्ञानाचा काही भाग, एक भाषा. सगळ्यांत बरं असणारा वर चढे, एकातच असामान्य असणारा घसरे. भांडारकरांचंच बघा. युरोपातल्या पंडितांनी ज्यांच्या शब्दाला मान दिला, त्या भांडारकरांचा संस्कृत हा बी.ए. होईपर्यंत मुख्य विषय नव्हता. संस्कृतकडे ते नेटाने वळले ते पदवीनंतर, दक्षिणा फेलो असताना. शिक्षण खात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांनी फेलोंना संस्कृत शिका म्हणून आग्रह धरला होता. १८६३ साली भांडारकरांनी एम.ए. केलं. म्हणजे खोल जाण्याची सोय पदवीच्या नियमांत नव्हती, ती बाहेर होती, दक्षिणेच्या पैशांत.

आणि तो पैसा कुठला? ही गोष्ट मला सगळ्यांत आवडते. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा द्यायची प्रथा तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केली, पुढे पेशव्यांनी ती पुण्यात नेली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना कोंडल्यासारखं भरून रात्रभर दक्षिणा वाटली जाई. काही जणांची परीक्षा घेतली जाई, पुष्कळांची नाही, आणि शेवटी शेवटी तर कोणीही आत शिरे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हा खर्च हळूहळू वळवला. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीच पुढे वाढत डेक्कन कॉलेजापर्यंत गेली. उरलेल्या दक्षिणेतला काही भाग मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे द्यावा असा अर्ज १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी केला, तेव्हा पुण्यात एवढी आग उसळली, की अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुल्यांना माणसं घेऊन उभं राहावं लागलं. त्याच पैशातून पुढे एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले: हुशार पदवीधराने महिना वेतन घ्यायचं, खालच्या वर्गाला शिकवायचं आणि स्वतःचा अभ्यास करायचा. रानडे, भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, सगळे या फेलोशिपवर पोसले गेले. मुंबईचं पहिलं खरं ऑनर्स मी यालाच म्हणेन, पेशव्यांच्या खर्चाने चाललेलं.

बाकीच्या पदवीत मात्र सगळं सगळ्यांना. मॅट्रिकनंतर प्रीव्हियस, मग इंटर किंवा त्या त्या काळी जे नाव असेल ते, मग बी.ए. आणि वाटेवर गणित. या गणिताने मराठी साहित्याचं काय केलं याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. राम गणेश गडकरी फर्ग्युसनमध्ये गणितात आपटले आणि कॉलेज सुटलं. हरिभाऊ आपटे पदवीवाचून राहिले, त्यांचंही गणिताशी जमलं नव्हतं. टिळकांना उलट गणिताने तारलं. त्यांची पहिल्या वर्गाची बी.ए. गणिताची. तेही पहिलं वर्ष तालमीत घालवून परीक्षेत नापास झालेले, पण ते वेगळं. एकाच विषयात गडकऱ्यांएवढी ताकद असलेल्या पोराला 'तुझ्या विषयात पुढे जा, गणिताचं आम्ही बघून घेऊ' असं म्हणणारा नियम तेव्हा नव्हता. कुठल्याही विषयात पडलात तर सगळे विषय पुन्हा. ही पुन्हा सगळ्याची शिक्षा फार जाच करी.

तो जाच जिवावर बेततो आहे असं पुढे लोक उघड म्हणू लागले. निबंधमालाकार चिपळूणकर १८८२ साली गेले, बत्तिसाव्या वर्षी. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली गेले, वय चौतीस. तेलंग त्र्याण्णवमध्ये, त्रेचाळीसचे. आगरकर पंचाण्णवमध्ये, चाळिशी गाठायच्या आत. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, त्यामुळे दोष एकट्या परीक्षेच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण रानड्यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि परीक्षांच्या ओझ्यालाही त्यात जबाबदार धरलं. मेकॉलेने काय केलं, इंग्रजीने काय केलं, यावर आपण खंडीभर लिहिलं. परीक्षेच्या रचनेवर थांबून विचार करणारे थोडे, आणि रानडे त्यांत पहिले. स्वतः पहिल्या वर्गात आलेला माणूस नापासांच्या बाजूने बोलतो, हे मला विशेष वाटतं. आज एखादा विषय राहिला तर फक्त तोच पुन्हा द्यायचा, हे पोरांना सूर्य उगवण्याइतकं साहजिक वाटतं.

रानड्यांचं दुसरं भांडण मराठीचं. सुरुवातीला विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. १८६० च्या दशकात ती गेली. संस्कृत, लॅटिन अशा 'अभिजात' भाषा आल्या. मराठी मुलगा मुंबईचा पदवीधर व्हायचा तो मॅट्रिकनंतर मराठीचं एकही पुस्तक न वाचता. रानड्यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षं खटपट केली. अखेर एम.ए.ला देशी भाषांचा शिरकाव झाला तो १९०१ च्या सुमारास, आणि त्याच वर्षी १६ जानेवारीला रानडे गेले. दार उघडलं तेही वरच्या मजल्यावरचं. तळमजल्यावर मराठीला आणखी बराच काळ थांबावं लागलं.

अटी सगळ्या पुऱ्या करूनही काहींच्या हाती ठरलेलं फळ पडलं नाही. मुंबईने बायकांना पदवीची वाट मोकळी केली १८८३ साली. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकली, एकटी मुलगी वर्गभर मुलांत, आणि शेवटच्या परीक्षेत सगळ्यांच्या वर आली. या जागेवर येणाऱ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. तिला ती नाकारली गेली, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. कारण एवढंच की ती बाई होती. ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायला गेली. मग इंग्लंडातल्या काही लोकांनी पैसे जमवून तिला ऑक्सफर्डला नेलं. १८९२ साली खास परवानगीने तिने कायद्याच्या बी.सी.एल.ची परीक्षा दिली. पदवी? बायकांना ऑक्सफर्डने पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. सोराबजीबाईंच्या हातात कागद पडला १९२२ साली. परीक्षा आणि पदवी यांत तीस वर्षं. आमच्याकडे निकाल पंचेचाळीस दिवसांत लागला नाही तर मोर्चा येतो, आणि यायलाच हवा.

विलायतेत ऑनर्सचा अर्थ वेगळा होता. केंब्रिजमध्ये साधी पदवी घेणारे निराळे आणि एका विषयाचा ट्रायपॉस देणारे निराळे. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणारे रँग्लर, त्यांची नावं क्रमाने जाहीर वाचून दाखवत. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले हिंदी माणूस. पहिला क्रमांक त्यांना दुसऱ्या एकाबरोबर वाटून मिळाला होता, पण महाराष्ट्राने तेवढा तपशील सोडून दिला. परत येऊन ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मंत्री झाले, कुलगुरू झाले. लोक मात्र शेवटपर्यंत 'रँग्लर परांजपे'च म्हणत. केंब्रिजने क्रमवारीने नावं लावणं १९०९ नंतर थांबवलं, कारण पहिला येण्याच्या चढाओढीत गणित बाजूला पडत होतं. आपण ती पद्धत उचलली आणि दहावीच्या गुणवत्ता यादीपर्यंत आणून ठेवली.

विसाव्या शतकात मुंबईतही बी.ए.ला पास आणि ऑनर्स अशा वाटा निघाल्या. ऑनर्सवाल्याला आपल्या विषयाचे जादा पेपर. जुन्या प्राध्यापकांच्या पाट्यांवर नावापुढे 'बी.ए. (ऑनर्स)' मी वाचलेलं आहे. पण कलकत्ता आणि दिल्लीत ऑनर्सने जशी सगळी पदवीच व्यापली, तशी मुंबई-पुण्यात कधी व्यापली नाही. इकडे 'स्पेशल' विषय आला, सहा पेपर आले आणि ऑनर्स हा शब्द मागे पडला. दरम्यान कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने कॉलेजांची तपासणी आणली. गोखल्यांनी कौन्सिलात कडाडून विरोध केला, कायदा झालाच. त्या तपासणीची नातवंडं आम्ही भोगली: स्थानिक चौकशी समिती यायची म्हटली की ग्रंथालयात नवी पुस्तकं, स्वच्छतागृहात नवा साबण आणि कार्यालयात रात्री दहापर्यंत फायली.

चौथ्या वर्षाचं म्हणाल तर ते होतंच. अकरावीला एसएससी, मग एफ.वाय., इंटर, ज्युनिअर बी.ए., सीनियर बी.ए. माझ्याहून वडील पिढीचे लोक अजून 'मी इंटरला असताना' असं बोलतात. कोठारी आयोगाच्या शिफारशीवरून १०+२+३ आलं. महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली, बारावीची १९७७ साली. शिक्षणाची एकूण वर्षं तेवढीच राहिली, पण कॉलेजातलं एक वर्ष बारावीत जाऊन बसलं. पदवीचं वर्ष कमी झालं याचा त्रास दिसला तो पुढे, अमेरिकेला जाणारी मुलं वाढली तेव्हा. तिकडची पुष्कळ विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागत, आणि बारा अधिक तीन म्हणजे पंधरा. ट्रान्स्क्रिप्टचे लिफाफे घेऊन मुलं खिडकीशी येत: चिकटवलेल्या कडेवर कॉलेजचा शिक्का अर्धा लिफाफ्यावर अर्धा झडपेवर उठला पाहिजे, नाहीतर तिकडे घेत नाहीत. एक वर्ष कुठून आणू, असं ती मला विचारत. माझ्याकडे शिक्का होता, वर्ष नव्हतं.

अमेरिकेचं चार वर्षांचं कॉलेज आपल्या नव्या ऑनर्सचा मामा आहे, तेव्हा त्याचीही थोडी माहिती घ्यायला हवी. तिथे ऑनर्सची कल्पना ऑक्सफर्डवरूनच गेली. फ्रँक एडेलॉट हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला राहून आलेले गृहस्थ १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी ऑनर्स सुरू केलं. निवडक मुलांनी शेवटची दोन वर्षं रोजच्या तासांऐवजी लहान लहान सेमिनारांत बसायचं, निबंध लिहून एकमेकांसमोर मांडायचे, आणि परीक्षा घ्यायची ती बाहेरून आलेल्या परीक्षकांनी. शिकवणारा आणि मुलगा दोघे एका बाजूला, परीक्षक समोर. पुढे मोठ्या सरकारी विद्यापीठांनी आतल्या आत ऑनर्स कॉलेजं काढली. ओरेगॉनमध्ये १९६० साली. त्यांची शेवटची अट बहुधा प्रबंध लिहून समितीपुढे उभं राहणं ही. यातली बाहेरच्या परीक्षकाची गोष्ट मुंबईला १८५७ पासून ठाऊक होती. लहान सेमिनाराची मात्र नाही, कारण त्याला खोल्या लागतात, मास्तर लागतात, म्हणजे पैसा लागतो.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांची पदवी आणली आणि २०१४ च्या जूनमध्ये ती गुंडाळली. मग २०२० चं धोरण, आणि २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाचा आराखडा: वर्षाला ४० क्रेडिट, तीन वर्षांना १२०, चार वर्षांना १६०. महाराष्ट्राने वर थोडी मोकळीक ठेवली, तीन वर्षांना १३२ आणि चारला १७६ पर्यंत. एका क्रेडिटला वर्गातले पंधरा तास. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, कामावरचं प्रशिक्षण. पहिल्या वर्षाचा फॉर्म भरताना पोरं आणि पालक दोघेही घामाघूम. माझ्या जागेवर आता बसणाऱ्या मुलीने मला रकान्यांचा तक्ता दाखवला, तेव्हा आमचं लेजर मला पाटी-पेन्सिल वाटलं. तरी मी तिला म्हणालो, तुझा क्रेडिट आणि माझी टर्म एकाच घरातली. पंधरा तास बसला हे कोणीतरी लिहून द्यायचंच आहे.

चौथ्या वर्षातली ऑनर्सची अट मात्र मी दोनदा वाचली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील त्यांना संशोधनाची वाट, त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध. बाकीच्यांनी तेवढ्याच क्रेडिटचे आणखी पेपर द्यायचे. चार वर्षं केली तर एम.ए. एका वर्षात. म्हणजे तिसरी बाजू, एका विषयात खोल जाणाऱ्याची, अखेर आत आली, पण दारावर पुन्हा सगळ्या विषयांच्या टक्क्यांची साखळी आहेच. भारतीय ज्ञान प्रणालीत आणि पर्यावरणात मार्क पडले नाहीत म्हणून मराठीतला एखादा अवलिया ७४ टक्क्यांवर अडकेल. त्याला ग्रेस नाही. स्वायत्त कॉलेजांतली पहिली तुकडी २०२३ साली आत आली, संलग्न कॉलेजांतली त्यानंतर वर्षाने. दोन्ही चौथ्या वर्षाला पोचतील तेव्हा मार्गदर्शक किती, खोल्या किती, पुस्तकं किती, हे प्रश्न निघतील, आणि दक्षिणा फंडासारखा पैसा कोण देणार हाही.

माझी एक लहानशी सूचना आहे, ती मी त्या मुलीला सांगितली आहे आणि प्राचार्यांनाही लिहून देणार आहे. जुन्या मुंबई विद्यापीठाच्या कॅलेंडरांत पास झालेल्यांची नावं छापत, परीक्षेचे प्रश्नही छापत. रानड्यांना काय विचारलं होतं ते आज कोणालाही ग्रंथालयात बसून वाचता येतं. नव्या गुणपत्रिकेत प्रबंधासमोर '१२ क्रेडिट' आणि एक श्रेणी असेल. त्याच ओळीत प्रबंधाचं शीर्षकही छापावं. एक रकाना थोडा रुंद करावा लागेल, एवढंच.